हूड उतरवायला दोघं लागतात

गंगापूर रोड, नाशिक
दि. २३ नोव्हेंबर

प्रिय बंड्या,

स. न. वि. वि.

परवा तू फोनवर विचारलंस, "पम्या, गाडीचा कापडी हूड खाली कसा घ्यायचा रे? ओढला तर येत नाही, जोर लावला तर करकरतो." मी "करकरतोय ना, मग आधी हात काढ," एवढंच बोलून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, म्हातारा तुसडा झालाय. तसं नाही. व्हिडिओ करून पाठवला असता तर तू तो अर्धा बघून थेट गाडीपाशी गेला असतास, तुला मी ओळखतो. पत्र पोचायला चार दिवस लागतील. तेवढे दिवस तरी तुझ्या मॉरिसला आराम.

सासऱ्यांच्या मिरजेच्या वाड्यातून गाडी अखेर बाहेर निघाली, फार बरं वाटलं. १९३६ ची मॉरिस एट, तीही उघडी टूरर! त्या ९१८ सीसीच्या इंजिनाची तू फार चिंता करतोयस असं दिसतं. करू नकोस. इंजिन लोखंडाचं, बिघडलं तर कोणीतरी मिस्त्री सापडतोच. हूडचं तसं नाही. लाकूड, लोखंड, कापड, चामडं, रबर आणि कापूस असं सगळं खटलं तिथे एका छताखाली नांदतं, आणि प्रत्येकाचं दुसऱ्याशी वाकडं. लोखंड गंजलं की कापडाला डाग, कापड आटलं की लाकडाला ताण, लाकूड तिरकं झालं की लोखंडाचे सांधे अडकतात. तुझी करकर बहुधा तिथलीच आहे.

आमची फोर्ड तुला आठवते तशीच आहे. १९३० ची मॉडेल ए, उजव्या हाताची, म्हणजे कॅनडातल्या फोर्डकडून आलेली; ब्रिटिशांच्या वसाहतींकडे फोर्ड गाड्या तिकडूनच यायच्या. कागदावर बॉडीचं नाव 'फेटन'. दादा मात्र शेवटपर्यंत 'फिटन' म्हणत आणि कॉलेजात गेल्यावर मला त्याची लाज वाटायची. पुढे कळलं की मोटारीने ते नाव घोड्याच्या फिटनकडूनच घेतलंय, म्हणजे दादांचाच शब्द आधीचा. त्याच्याही मागे ग्रीकांचा फेथॉन आहे. सूर्याचा मुलगा. बापाकडे हट्ट करून रथ मागून घेतला आणि त्याला घोडे आवरले नाहीत. बापाची गाडी आणि मुलाचा पराक्रम, हा योग आमच्या घरात कसा जुळला ते पुढे येईलच.

तिवंध्याजवळच्या वाड्यात दादांचा हूड उतरवायचा सोहळा तुला आठवत असेल. १९५८ साली देवळालीच्या एका पारशी गृहस्थांकडून गाडी घेतली तेव्हा त्यांनी दादांना इंजिनाबद्दल दहा मिनिटं आणि हूडबद्दल एक तास सांगितलं होतं म्हणे. त्यातलं एक वाक्य दादा आपल्याला पाठ म्हणून दाखवत: हूडचं घर वर, खाली तो पाहुणा. तेव्हा मला हे उलटं वाटायचं. उघडी गाडी आहे तर उघडीच ठेवावी की! पण हूड महिनोन्महिने मिटून ठेवला की घडी रोज त्याच जागी दबते आणि तिथेच चिरते. शिवाय ताण नसलेलं कापड हळूहळू आटतं. मग एक दिवस हूड वर घ्यावा तर कापड तोलणारी पुढची लाकडी कमान काचेच्या चौकटीपासून दोन बोटं मागेच राहते. तुझी गाडी वाड्यात किती वर्षं हूड मिटून उभी होती ते एकदा मेहुण्याला विचार. पाच-सात वर्षं असली तर हे कापड गेलंच समज आणि त्याच्याशी झोंबू नकोस.

वर असेल आणि कापडात जीव असेल, तर आता ऐक.

आधी तो कोरडा आहे का ते बघायचं. वरून हात फिरवून कळत नाही. आतून, कमान आणि कापड यांच्या मध्ये कापसाच्या गाद्या असतात तिथे बोट घालून बघ. गाद्या दमट लागल्या तर त्या दिवशी हूडला हात लावू नकोस, मुख्यमंत्री येणार असले तरी. मग मऊ ब्रशने धूळ झाडायची. घडीत अडकलेली धूळ म्हणजे पॉलिश पेपरच, गाडी हलली की कापड घासत बसते. मग बाजूचे पडदे काढायचे. मग मागच्या पडद्याची खालची बटणं सोडायची. इथे जरा थांब आणि आठव, तू ती सोडली होतीस का? न सोडता हूड मागे न्यायला गेलं की सगळा ताण मागच्या शिवणीवर येतो, आणि माझी पैज आहे की तू तेच केलंस.

त्यानंतर काचेच्या चौकटीवरच्या दोन कळा. डावी थोडी, उजवी थोडी, परत डावी, परत उजवी, अशा सैल करत यायच्या. एक पूर्ण सोडून निवांत दुसरीकडे गेलास तर पुढची कमान तिरपी ओढली जाते. वारा सुटला असेल तर कळांना हातच लावू नकोस, हूड शिडासारखा फुगतो आणि मग कोणाला ऐकत नाही.

आता दोन माणसं. एक उजवीकडे, एक डावीकडे, दोघंही जमिनीवर उभी. गाडीत बसून हूड ओढायचा नाही, सीटवर चढून तर मुळीच नाही. पुढची कमान आधी वर उचलायची आणि मग मागे न्यायची, दोघांचे हात एका उंचीवर, एका वेगाने. दादा "हं… हं… हं…" असा ताल धरायचे, पालखी उचलल्यासारखा. लोखंडी दांड्या कात्रीसारख्या मिटतात, म्हणून सांध्याजवळ बोट न्यायचं नाही. माझ्या डाव्या अंगठ्याच्या नखावरची रेघ तू शाळेत सगळ्यांना दाखवत फिरायचास, ती याच कात्रीची.

कमानी जवळ यायला लागल्या की खरं काम सुरू होतं. मधलं कापड आत लोंबतं. ते तसंच राहू दिलं तर दोन कमानींच्या चिमट्यात सापडतं आणि पुढच्या खड्ड्यात भोक पडतं. म्हणून प्रत्येक वळी बोटांनी बाहेर ओढून, सपाट करून, एकावर एक बसवायची. लग्नानंतर पहिल्यांदा हिला मदतीला बोलावलं तेव्हा मी ही वळी समजावून सांगत होतो, हातवारे करून, अगदी मास्तरकीने. ही दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, या निऱ्या आहेत." तेव्हापासून कापडाचं खातं तिच्याकडे. मी आणि दादा कमानी धरायचो आणि ही निऱ्या घालायची. खरं सांगायचं तर त्याआधी हूड इतका सुबक कधीच मिटला नव्हता. दादांनीही ते कबूल केलं, फक्त तिच्यासमोर नाही.

मग मागच्या लोखंडी हातांवर कमानी टेकवायच्या, दोन कमानींच्या मध्ये चामड्याचे तुकडे सारायचे म्हणजे लाकडावर लाकूड आपटत नाही, आणि वरून पट्टे घट्ट आवळायचे. घट्ट म्हणजे हलवून बघितलं तर गाडी हलली पाहिजे, हूड नाही. पट्टा सैल ठेवून आम्ही एकदा कसारा घाट उतरलो होतो, खाली पोचेपर्यंत दोन जागी कापडाचा पार पिंजून कापूस झाला होता. शेवटी खोळ. तुझ्या गाडीची खोळ हरवली असेल तर जाड कापडाची शिवून घे.

आता माझा पराक्रम.

आठ वर्षांपूर्वी पुतण्याचं लग्न होतं, मे महिन्यात, सोमेश्वरच्या बाजूला. दादा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. वरातीला फोर्ड हवी असा हट्ट. हूड उतरवला, फुलं लावली, आणि नवरदेव सीटवर बसेना! मागे मिटलेल्या हूडवर चढून बसला, निवडून आलेल्या नगरसेवकासारखा. फोटोत दिसावं म्हणून. मी बोललो असतो तर मुलाकडचेच खडूस ठरलो असतो, म्हणून गप्प बसलो. सत्तर-पंचाहत्तर किलोचा माणूस त्या पातळ दांड्यांवर तासभर नाचत होता. बंड्या, पुढे तुझ्याकडेही वराती मागायला लोक येतील. गाडी दे, पण आधीच सांग, हूड म्हणजे सिंहासन नाही.

वरात अर्ध्यात असताना वळीव आला. त्या गडबडीत हूड वर घेईपर्यंत सगळं भिजलं होतं. रात्रभर गाडी तशीच उभी राहिली, आणि सकाळी नवरानवरीला गंगापूर धरणावर उघड्या गाडीत फोटो हवे होते. वरून हात फिरवला तर कापड सुकलेलं. आतल्या गाद्या मी बघितल्या नाहीत. हूड मिटला, पट्टे आवळले, फोटो झाले. घरी येऊन वर खोळ चढवली आणि शेडमध्ये लावली. मग पाहुणे, मग देणीघेणी, मग मृग लागला. नाशिकच्या पावसात चार महिने भिंतींनासुद्धा ओल येते. गाडीचा विचार माझ्या डोक्यात आला तो थेट खंडेनवमीला, झेंडूची माळ घेऊन.

खोळ काढली आणि आधी वास आला. बंद पेटीतल्या ओल्या पोत्याचा. घड्यांवर पांढरी बुरशी, आत काळे ठिपके. वर घ्यायला गेलो तर वळ्या एकमेकींना चिकटलेल्या. हळूच सोडवायला गेलो आणि जुनी चादर फाटावी तसा आवाज झाला. कमानींवर कापड ठोकलेल्या चुका गंजून त्यांची नुसती तांबडी पूड उरली होती. ही बाजूला उभी होती. काही बोलली नाही, माळ मात्र तिने बॉनेटवर ठेवली, हूडवर नाही.

नवा हूड कोण करणार? मुंबई-पुण्यात जुन्या गाड्यांची कामं करणारे आहेत, पण त्यांच्या तारखा आणि आकडे ऐकून मी गारच पडलो. शेवटी भद्रकालीत रिक्षांचे हूड शिवणारे एक चाचा सापडले. त्यांचे आजोबा टांग्यांचे टप करायचे. मी भीतभीतच गाडी दाखवली. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले, खालून कमानी बघितल्या आणि म्हणाले, "ये तो टांगाच है, साहब. घोडा आगे डब्बे में डाल दिया है." त्या क्षणी मी काम त्यांना दिलं.

कापडावरून मात्र आमचं वाजलं. त्यांचं म्हणणं रेक्झिन लावा, पाणी लागत नाही, स्वस्त आहे. रेक्झिन रिक्षाला ठीक, रिक्षाचा हूड कोणी रोज निऱ्या घालून मिटत नाही. आपल्या डिसेंबरच्या थंडीत ते ताठ होतं आणि घडीत तडकतं. शेवटी मी बाहेरून मागवलं ते दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर असलेलं. ही युक्ती मोटारीपेक्षा फार जुनी आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली तिचं पेटंट घेतलं, रबर नॅप्थ्यात विरघळवायचं आणि दोन कापडांच्या मध्ये सारवायचं. पहिले रेनकोट असेच झाले. हे मी चाचांना सांगत होतो तर ते म्हणाले, "मग पेट्रोलने पुसू नका, आतलं सोल्यूशन सुटेल." पंक्चरवाल्याच्या ट्यूबकडे बघून त्यांना जे ठाऊक होतं ते मला पुस्तकातून कळलं होतं! नॅप्था आणि पेट्रोल एकाच गोतावळ्यातले. नंतर रबर गंधकाबरोबर भाजून पक्कं करायची रीत आली, तरी पेट्रोल, रॉकेल, थिनर लागलं की ते फुगतं आणि कापड सुटतं. म्हणजे वरून डाग गेलेला दिसतो आणि आतून गळती सुरू होते.

त्यांचं काम बघत बसणं हा माझा महिनाभराचा उद्योग झाला. आधी कमानींमधलं अंतर नवारीच्या पट्ट्यांनी पक्कं केलं, आपल्या खाटेची असते ना, तीच नवार. त्यावर कापसाच्या नव्या गाद्या. मग प्रत्येक कमानीच्या बरोबर मध्यावर खडूची खूण, कापडाच्याही मध्यावर खूण, आणि मधून सुरुवात करून दोन्ही बाजूंना चुका. त्याही आधी अर्ध्याच ठोकायच्या. पूर्ण हूड चढवून, लांबून बघून, सुरकुती दिसली की उपटून पुन्हा. हे सगळं भर दुपारी उन्हात, कारण तापलेलं कापड जरा सैल पडतं, तेव्हा ताणून घेतलं की रात्री गारव्याने ते ढोलकीसारखं बसतं. शेवटी चुकांवर गोट. आणि जाताना दम दिला, "दो महिना नीचे मत लेना." नव्या कापडाला कमानींचा आकार कळायला तेवढा वेळ लागतो. मी अडीच महिने हात लावला नाही.

बंड्या, आता जे सांगायला हे पत्र एवढं लांबवलं ते सांगतो. फोनवर सांगता आलं नसतं.

१९७६ ची संक्रांत आठव. दादा पुढे उभे राहून "हं… हं…" करत होते, तू डावीकडे, मी उजवीकडे. वरून कोणाचीतरी पतंग कटली, "गेलीऽऽ" असा ओरडा झाला, हूड तिरका झाला आणि मधली कमान मोडली. दादांनी तुझा कान धरला, कारण तुझे डोळे आभाळाकडे होते. तू महिनाभर आमच्याकडे आला नाहीस. पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षं आपल्या प्रत्येक मैफिलीत मी "बंड्याने मोडलेली कमान" हा किस्सा सांगत आलो, तुझ्या लग्नात, तुझ्या मुलीच्या लग्नातसुद्धा. तू हसून घ्यायचास.

कमानींना कापड गुंडाळलेलं असतं, म्हणून आतलं कोणाला दिसत नाही. चाचांनी ते सोडलं तेव्हा टांगेवाल्या सुताराने लावलेली लोखंडी पत्ती निघाली. उजव्या टोकाला, खोबणीच्या अगदी जवळ. चाचांनी विचारलं, "इधर कौन खडा था?" मी उत्तर दिलं नाही. तू आभाळाकडे बघितलंस हे खरं, पण हात तू सोडला नव्हतास. मी सोडला होता. मला ते तेव्हाही माहीत होतं. नंतर सोयीने विसरलो.

दादांना कळलंच असणार, सुतारापाशी ते स्वतः उभे होते. मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. पण त्यानंतर हूड उतरवताना उजवी बाजू त्यांनी स्वतःकडे घेतली आणि मला कायम डावीकडे उभं केलं. त्याचा अर्थ लागायला मला तो हूड कुजवावा लागला.

मोडलेली कमान मी बदलली नाही. पत्ती घासून, रंगवून, पुन्हा कापड गुंडाळून तीच बसवली आहे.

बरं, तुझ्या कामाचं थोडं राहिलं. धुवायचं असेल तर कोमट पाणी आणि रिठा, मऊ ब्रश, मग भरपूर साधं पाणी, आणि हूड वर ठेवूनच वाऱ्यावर सुकवायचा. कपड्यांची पावडर नको आणि सर्व्हिसिंगवाल्याचा तो पिचकारीचा फवारा तर नकोच. सांध्यांना तेलाचा एकेक थेंब आणि लगेच पुसून घे, ओघळ कापडावर गेला की निघत नाही. उंदरांना आतला कापूस फार आवडतो, मिरजेच्या वाड्यातून एखादं कुटुंब बरोबर आलं असेल तर आधी त्याची सोय बघ. बाजूच्या पडद्यांच्या खिडक्या पिवळ्या आणि ठिसूळ असतील, आणि घासल्यावर कापराचा वास आला तर ते जुनं सेल्युलॉइड आहे. त्यात कापूर खरोखरच असतो आणि ते भसकन पेट घेतं, म्हणून त्याच्या आसपास काडी ओढू नकोस. त्या घडी न करता, जुन्या धोतरात सपाट ठेवायच्या.

कागदपत्रांचं म्हणशील तर २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये. त्या नंबरावर रोज भाजी आणायला जाता येत नाही, एवढं वहिनींना आधीच सांगून ठेव.

जानेवारीत ये. थंडी असेल, द्राक्षं नुकती उतरायला लागलेली असतील, आणि तुझ्याआधी मी हूड खाली घेणार नाही. मॉरिसचा हूड माझ्या फोर्डपेक्षा हलका, पण हात तेच. इथे दोनदा करून बघ, मग तिकडे जाऊन आपल्या गाडीला हात लाव. या वेळी डावीकडे मी उभा राहतो, उजवी बाजू तू घे. निऱ्यांना ही आहेच.

वहिनींना नमस्कार. पोरीला आशीर्वाद.

तुझा,
पम्या

ता. क. : गाडी घरी आली म्हणजे वहिनी पूजा करणारच. हळदकुंकू बॉनेटवर लावायला सांग. हूडच्या कापडावर लागलं तर ते रिठ्यानेही जात नाही. आमच्याकडे पुढच्या कमानीवर नव्या कापडाला पाच बोटांचे ठसे आहेत, चाचांच्या बायकोचे. मोठ्या कौतुकाने लावले होते, काय बोलणार!